तीनातले दोन

ऑक्टोबरची सकाळ. वाऱ्याचा पत्ता नाही, शिरोड्याचा समुद्र तव्यावर ठेवल्यासारखा तापत पडलेला. बाळा गुरवाने विहिरीचं पाणी काढलं, देवाला आंघोळ घातली, गंध उगाळलं आणि खांबाला पाठ टेकणार, एवढ्यात भाचा सर्वेश देवळात शिरला. अंगात हॉटेलचा टी-शर्ट, हातात मोबाईल.

“मामा, कौल लाव. माका पत्त्यांचो कोर्स करूचो आसा.”

बाळाने कपाळावर हात मारून घेतला. म्हशीसाठी, सोयरिकीसाठी, बोअरवेलीसाठीसुद्धा त्याने देवाला कौल लावले होते. पत्ते शिकायला देवाची परवानगी मागणारा हा पहिलाच.

“कसलो कोर्स?”

“पोकरचो. मोबाईलार. सर सगळा गणित शिकवतत. मगे गोव्याक जावन कॅसिनोत बसाचा. नशिबाचो संबंधच नाय, सगळी अक्कल.”

“अक्कल आसा तर देवाक कित्याक विचारतस, मेल्या?”

“आवशीन सांगल्यान, देवान हो म्हटल्यारच नोकरी सोड.”

बहिणीनेच असं सांगितलेलं, म्हणजे आज कौल लागला की आजच राजीनामा. आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरातली ती नोकरी बाळानेच मालकाच्या दारात चपला झिजवून मिळवून दिलेली!

पिटकुळीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर दोन्ही अंगांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी जरा जास्त दाबून पक्की चिकटवली असती तर कुणाला कळणार होतं? बाळाचा हात शिवशिवला. पण देवाशी लबाडी कुठची करणार! मनातल्या मनात भाच्याला शिव्या घालत त्याने दोन्ही कळ्या सारख्याच लावल्या.

डावी पडली.

“सुटलंय रे देवा!” बाळाने हात जोडले.

“थांब मामा, परत लाव. तीनातले दोन धरूया.”

“देवाक तीनातले दोन?” बाळा कडाडला. “शिरा पडली तुझ्या तोंडार! ह्या तुझ्या सरान शिकवल्यान?”

“नाय. सर म्हणतत, हरल्यार उठाचा. पयल्या फुकटच्या धड्यातच आसा.”

“मगे उठ!”

सर्वेश उठला नाही. उलट मांडी घालून बसला, नजर देवाच्या छातीवर. “फकत एकदाच, मामा.”

“धडो तोंडपाठ, आणि बूड काय हलणा नाय!” बाळाला आता रागही धड येईना. “पैसे भरून आणखी काय शिकतलस? थंय टेबलार तुका उठ म्हणाक मामा नसतलो.”

सर्वेशचा मोबाईल वाजला. हॉटेलातून होता. त्याने एकदा देवाकडे बघितलं आणि उठला.

“हां, येतंय. पीठ ढवळून ठेवा, घावणे मी घालतंय.”

“आणि कोर्स?”

“ऱ्हवांदे.” पायरीवर तो थबकला. “पण मामा, उजवी पडली असती तर?”

“नीघ!”

भाच्याची स्कूटर गेल्यावर बाळा बराच वेळ पुटपुटत राहिला. मग आमसुलं घेऊन तांब्याचा हंडा घासायला बसला.