वकीलबाईंच्या पायांची तपासणी

बुटांच्या कारखान्यात तिला सगळे वकीलबाई म्हणत. शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत, कोर्टाची पायरी जन्मात चढलेली नाही. पण समोरच्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भाजीवाल्याने जुडी जरा मोठी दिली, की ती तिथेच उकलून आतली पानं बघायची. नवऱ्याने एकदा फुलं आणली, तर "काय करून बसलात?" हे तिचं पहिलं वाक्य. तो बिचारा बस कंडक्टर. दिवसभर लोकांना हटकून घरी यायचा आणि मग स्वतः जबाब द्यायचा.

तिचं काम तळ चिकटवण्याचं. ब्रश डब्यात बुडवायचा, तळाला चिकटवायचं सोल्युशन फासायचं, जरा सुकलं की वरचा भाग दाबून बसवायचा. अशी अठरा वर्षं गेली. त्या खोलीत एकाच टेबलाशी तिघीजणी: ती, एक चष्मेवाली आणि एक उंच बाई. खिडकी होती, पण तळांवर धूळ बसते म्हणून कायम बंद. तिची धाकटी नणंद पलीकडच्या मोकळ्या शेडमध्ये शिलाई मशीनवर बसायची.

उंच बाई जिन्यात दोनदा पडली आणि रजेवर गेली. पंधरा दिवसांनी सुपरवायझर खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "उद्या तुम्हा दोघींना मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. नसांची तपासणी आहे."

"दोघींनाच का?"

"वरून आलंय."

"अठरा वर्षांत कुणी आमचा ताप मोजला नाही, आणि एकदम नसा?"

सुपरवायझर निघून गेला. वकीलबाईच्या मनात पाल चुकचुकली. दुबळ्या कोण ते हुडकायचं, कागदावर शिक्का मारायचा आणि घरी पाठवायचं, दुसरं काय असणार! तिने सोबत म्हणून नणंदेलाही गाडीत बसवलं.

दवाखान्यातली खोली लहानशी होती. एक खाट, एक संगणक आणि वायरींचा गुंता. तपासणी करणारी मुलगी हसतमुख होती, तेही वकीलबाईला खटकलं. मुलीने विचारलं, "पायांना मुंग्या येतात? बधिर वाटतं?"

"छे! ठणठणीत आहे मी."

हे काही खरं नव्हतं. मागच्याच आठवड्यात रस्त्यात तिची चप्पल पायातून निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर तिला ते कळलं. पण हे परक्या माणसाला कशाला सांगायचं?

मुलीने तिचे पाय गरम फडक्यात गुंडाळले.

"हे कशाला?"

"पाय गार असले की नस हळू चालते, मावशी. मग आकडा चुकीचा येतो."

"म्हणजे आकडा कमी-जास्त करता येतो तर!"

"म्हणून तर सगळ्यांचे शेकून घेते," मुलगी शांतपणे म्हणाली. तिने पावलावर पट्ट्या चिकटवल्या आणि घोट्याजवळ दोन टोकांचं यंत्र टेकवलं. टक्क! पाऊल आपोआप उडालं. पडद्यावर एक रेघ उसळून खाली आली. मग गुडघ्यामागे तसाच झटका. "इथून निघालेला झटका तिथे पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तुम्हाला काही जाणवायच्या आधीसुद्धा यात दिसू शकतं."

"जाणवत नाही ते तुम्हाला बरं दिसतं," वकीलबाई पुटपुटली.

शेवटी मुलगी हळूच म्हणाली, "नसा मंद झाल्यात, मावशी. सुरुवात आहे."

वकीलबाई ताडकन उठून बसली. "यंत्र बिघडलंय तुमचं. आता हिचे पाय बघा," तिने नणंदेला पुढे ढकललं, "आणि बाहेर आमचे सुपरवायझर साहेब बसलेत, त्यांचेही बघा. मग मानेन."

मुलीने शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं; उंच बाईला तपासल्यावर या दोघींना त्यांनीच बोलावलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगलीच कल्पना आहे." सुपरवायझर नाही म्हणणार होता, पण बायकांसमोर झटक्याला घाबरलो असं कोण कबूल करणार? त्याने निमूटपणे बूट काढले.

चष्मेवालीचीही तपासणी झाली आणि चार कागद आले. वकीलबाईने ते मांडीवर शेजारी-शेजारी मांडले. नणंद चांगली. काचेच्या केबिनमध्ये बसणारा सुपरवायझर चांगला. ती आणि चष्मेवाली, दोघींच्या नसा मंद. तिने दोनदा आकड्यांवर बोट फिरवलं. यंत्र तेच, मुलगी तीच, फडकीही तीच. वेगळी होती ती फक्त कामाची खोली. आणि खोलीत काय होतं? सोल्युशन.

ते वर्षापूर्वी बदललं होतं. लवकर सुकायचं, वास गोडसर. डब्यांवरचा कागद आधीच खरवडलेला असायचा. इतकी डोळ्यांत तेल घालून बघणारी बाई, आणि रोज हाताळूनही हे काय आहे, असं तिने कधी विचारलं नव्हतं. याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला गाठलं. "डब्यावरचं नाव कुणी काढलं?"

"येतातच तसे."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

 तिने एक रिकामा डबा पिशवीत तीनदा गुंडाळला आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. तळाशी उरलेला द्रव तपासला, तेव्हा तो नसांना मारणाराच निघाला. कारखान्यांचे सरकारी तपासनीस आले, डबे बंद झाले, खिडकी उघडली, भिंतीत पंखे बसले. दोघींना शिलाईकडे हलवलं. "मला खरंच ठाऊक नव्हतं," सुपरवायझर म्हणाला. यावर तिचा आजही पुरता विश्वास नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काम सोडल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढेल. घाबरू नका, मग हळूहळू उतरेल." वकीलबाईला ही आधीच काखा वर करण्याची तऱ्हा वाटली. पण झालं त्यांनी सांगितलं तसंच. सोल्युशन सुटलं, तरी पाय आणखी जड झाले. कठड्याला धरल्याशिवाय जिना उतरवेना. दुसऱ्या तपासणीत आकडा आणखी घसरला.

"त्या झटक्यांनीच माझे पाय घालवले!" ती घरी येऊन ओरडली.

नणंद शांतपणे म्हणाली, "वहिनी, झटके मलाही दिले होते. आणि साहेबांनाही. आमचे पाय कुठे गेलेत?"

वकीलबाई गप्प बसली. नवरा इतका चकित झाला, की त्याने चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला. त्या रात्री त्याने तिचे तळवे चोळून दिले, आणि ती रडली. घाबरले आहे, असं ती पहिल्यांदाच कबूल करत होती.

वर्षभराने तिसऱ्या तपासणीला पडद्यावरची रेघ लवकर उसळली. तिने ती पुन्हा काढायला लावली. पुन्हा तशीच आली. करंगळ्या अजून बधिर होत्या, पण जिना ती कठड्याशिवाय उतरली.

उंच बाईचं मात्र लांबलं. तिला उशिरा पकडलं गेलं होतं, पाय बारीक झाले होते. वकीलबाई दर महिन्याला तिला रिक्षाने दवाखान्यात नेते, खाटेशेजारी स्टुलावर बसते आणि विचारते, "हिचे पाय नीट शेकलेत ना?"