चिकटलेली दोन पानं

अन्वय आणि मीरा,

तुम्ही नातवंडं इतक्या लांब वाढलात की इथली माणसं तुम्हाला फक्त नावानं ठाऊक. अन्वय, तू तिकडे स्वतंत्रपणे हिशेब लिहिण्याचं काम सुरू केलंस आणि फोनवर विचारलंस, व्यावसायिक संस्थेचं सदस्य व्हावं का, त्यातून मिळतं काय? मी विषय बदलला, कारण त्याच सकाळी शकुन गेल्याचा निरोप आला होता. आता पाच आठवडे झाले. उत्तर देते.

शकुन आणि मी, दोघीही गोंदियातल्या राइस मिलांचे हिशेब लिहायचो. नोकरी नव्हे, आपापलं काम. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ती सौंदड गावची, बौद्ध घरातली, वडील रेल्वेच्या रुळांवर मजूर, बी.कॉम. तिनं मराठीतून केलेलं. कामात ती माझ्यापेक्षा तरबेज होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

१९९९ साली तिनं नागपुरातल्या हिशेबनिसांच्या एका संस्थेचं सदस्यत्व घेतलं. मी हसले. संस्था काय तुला काम आणून देणार, असं विचारलं.

“काम त माह्याजवळ हाये, ताई,” ती म्हणाली. “मले खुर्ची पायजे.”

मला ते कळलं नाही. खुर्ची मला न मागता मिळत आली होती. एका मिलचं काम आमच्या दोघींकडे वाटून होतं. तिथले शेठ मला म्हणायचे, “मॅडम, आइए,” आणि तिला, “बाई, उधर बैठ जाओ.” उधर म्हणजे पोत्यांवर. पुढे संस्थेचं प्रमाणपत्र आलं, तिच्या नावापुढे सदस्यत्वाची इंग्रजी तीन अक्षरं लागली, तिनं तसा शिक्का बनवून घेतला. वर्षाच्या आत तेच शेठ तिलाही मॅडम म्हणू लागले, खुर्ची पुसून देऊ लागले. मला आनंद झाला नाही. तो शब्द माझा होता... तो मी काय करून मिळवला होता, हे मात्र मनात आलं नाही.

संस्थेचा मासिक अंक इंग्रजीत यायचा. तो घेऊन ती माझ्याकडे यायची, मी वाचून अर्थ सांगायचे. शेजारी बसून ती ओळीवर बोट फिरवायची. ते मला आवडायचं. तिथे तरी मी वरचढ होते. एकदा अंकात आवाहन होतं: लहान गावांतल्या सदस्यांनी वार्षिक सभेत येऊन आपल्या कामाची पद्धत सांगावी, नावं कळवावीत. मला डोळ्यांसमोर ती दिसली, नागपूरच्या सभागृहात, माइकपुढे. मी दोन पानं एकदम उलटली.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं,” मी म्हणाले.

सभेनंतरचा अंक घेऊन ती नेहमीसारखी आली, चहा घेतला. मी मधलं पान उघडलं तर तिचाच फोटो. माइकपुढे, निळी साडी, हातात कागदही नाही. खाली नाव, नावापुढे ती तीन अक्षरं.

“वाचा न, ताई. काऊन थांबल्या?”

मी वाचलं. संपल्यावर तिनं अंक घडी करून पिशवीत टाकला आणि दारात चपला घालताना म्हणाली, “त्या मागच्या अंकाचे दोन पानं चिकटले होते, ताई. मी घरी जाऊन सोडवले.”

माझ्या शेजारी बसूनबसूनच ती इंग्रजी वाचायला शिकली होती. तरी दर महिन्याला येत राहिली. फक्त अंक माझ्या हाती देण्याआधी एकेक पान अंगठ्यानं सुटं करायची, माझ्याकडे न बघता.

मग मी सदस्य का झाले नाही, असं तू विचारशील. अर्जावर जुन्या सदस्याची सही लागायची आणि माझ्या ओळखीत जुनी सदस्य एकच होती. तिनं न मागता सही करून अर्ज आणून दिला होता. “तुमाले गरज नाही, मले मालूम हाये,” म्हणाली. “पण सभेले जाताना सोबत होईल.” मी बघू म्हटलं. सभेला ती शेवटपर्यंत एकटी जात राहिली, आणि दरवर्षी तिनं जाऊ नये असं मला वाटत राहिलं.

तर अन्वय, ज्याला खुर्ची आधीच मिळालेली असते, त्याला तो कागद बिनकामाचा वाटतो. तुला तिथे कुणी बसायला सांगतं का, ते पाहून ठरव.

परवा तिची सून या महिन्याचा अंक देऊन गेली. त्यात शकुनवर चार ओळी आहेत. माझ्यावर कुणी चार ओळी छापणार नाही, हेच आधी मनात आलं. अजूनही, या वयात. मग मी पानं एकेक सुटी केली आणि सगळा अंक वाचला.

तो अर्ज माझ्या कपाटात आहे. माझ्या नावाची जागा कोरी आहे. खाली तिची सही आहे, पुढे तीन अक्षरं, आणि शिक्क्याची शाई अजून उडालेली नाही.