काकींच्या टीव्हीवर पांढरी दिसलेली पिवळी साडी

आष्टीत त्या दुपारी मी एका आईला तिच्या मुलीचं लग्न काळं-पांढरं करून दाखवलं... आणि वर आनंदाने टाळ्या वाजवल्या. काकींनी मला घराबाहेर हाकललं नाही, हा त्यांचा मोठेपणा!

तेव्हा व्हीसीडीचं वेड नुकतंच आमच्याकडे पोचलं होतं. लग्नाच्या शूटिंगसाठी मी पुण्याहून एडिटिंगचा कॉम्प्युटर आणला होता आणि तालुक्यात असा कॉम्प्युटर आपलाच पहिला, असं भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. खरं-खोटं कोण बघायला जातंय...

माझ्या स्टुडिओच्या समोरच शकुंतलाकाकींचं किराणा दुकान. त्यांच्या धाकट्या मुलीचं, रेखाचं लग्न मीच शूट केलं. एकच लग्न, पण द्यायचं तीन तऱ्हांनी... रेखाच्या सासरी व्हीसीआर, म्हणून त्यांना कॅसेट. काकींनी हौसेने सीडी प्लेअर घेतलेला, म्हणून त्यांना सीडी. आणि तिसरी प्रत अमेरिकेला, काकींच्या भावाला. म्हणजे रेखाच्या मामाला.

खरी गोम या तिसरीत होती. थोरलीच्या लग्नाला मामाला येता आलं नव्हतं, तेव्हा कॅसेट पाठवली होती. तिकडे लावली तर पडद्यावर नुसत्या पट्ट्या पळायला लागल्या. रेखाच्या वेळीही त्याला सुट्टी मिळाली नाही.

आमच्याकडे अक्षता पडताना नवरीच्या अंगावर मामाची पिवळी साडी असते. दोन्ही लेकींच्या वेळी मामाच्या नावाने काकींनीच बीडला जाऊन साडी निवडली... पण मामाने स्वतःची पिवळी भाचीच्या अंगावर कधी पाहिलीच नव्हती. काकी मला एवढंच म्हणाल्या, "दत्ता, ह्या बारीला तरी त्याला पिवळी दिसू दे बाबा."

मी पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याने समजावलं, आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, अमेरिकेतले एनटीएससी. चित्र तेच, पण एक्सपोर्ट करताना, म्हणजे कॉम्प्युटरमधून तयार फिल्म बाहेर काढतानाच पद्धत बदलायची. म्हणजे मागच्या कॅसेटीत काही बिघाड नव्हताच... ती फक्त तिकडच्या मशीनला वाचता येत नव्हती! मी स्टुडिओत एकटाच नाचलो.

सकाळी कॉम्प्युटर एक्सपोर्टला लावला. मध्येच लाईट गेली तर सगळं मुसळ केरात, त्यामुळे आठवतील तेवढ्या देवांना हात जोडून झाले. समोरून काकी गिऱ्हाईक सोडून हातानेच विचारायच्या, झालं का? आणि मी बोटांनी टक्के दाखवायचो.

दुपारी दोन्ही सीड्या घेऊन काकींच्या घरी गेलो. आधी त्यांची लावली. गुलाबाच्या फुलातून रेखा बाहेर आली, बदामाच्या आकारात नवरदेव गरागरा फिरला... शेजारपाजारच्या बायका खूश. मग उत्साहाच्या भरात मी अमेरिकेची सीडीही त्याच टीव्हीवर लावली.

रंग गायब! चित्र खालून वर सरकतंय आणि अक्षता पडताना रेखाची पिवळी साडी... पांढरीफटक.

काकींचा चेहरा खर्रकन उतरला. "कावून रं दत्ता... पोरगी पांढऱ्या साडीत कावून दिसायली?"

आणि मी टाळ्या वाजवतोय! कारण काकींच्या टीव्हीला ही सीडी झेपत नाही, म्हणजेच ती खात्रीने दुसऱ्या पद्धतीची झाली. काका भडकले. "येडा झालास का बे? बिघडली म्हणून चांगली हाय, हे कुठलं गणित?" त्यांचं म्हणणं, इथे चांगली दिसते तीच सीडी पाठवायची.

मी म्हटलं, मग दोन्ही पाठवा. पण काकी ऐकेनात. नवी नवरी पांढऱ्या साडीत... असलं अभद्र चित्र भावाच्या घरात जाऊ द्यायला त्यांचं मन तयार होईना. कॉम्प्युटरवर रंग दिसत होता, पण कॉम्प्युटरवर दोन्ही पद्धतींच्या सीड्या नीटच दिसायच्या, तो काय पुरावा? खरं सांगतो, तोवर माझीही खात्री डळमळली होती.

नगरचा एक ओळखीचा मुलगा अमेरिकेला निघाला होता. त्याच्याकडे सीडी पोचवायला जीप दारात उभी... काकी बराच वेळ त्या सरकत्या चित्राकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी फोन लावते तवा हितं दिवस असतो, त्याच्याकडं रात. तसंच हाय का रं हे?"

मी जवळजवळ ओरडलोच, "अगदी तसंच, काकी!"

त्यांनी स्वतःच्या हाताने ती 'बिघडलेली' सीडी पाकिटात घातली, कुंकवाचं बोट लावलं आणि जीपवाल्याला दिली. काका कपाळाला हात लावून बसले.

पुढचे दिवस मी समोरच्या दुकानाकडे बघायचंच टाळत होतो. मग एका सकाळी शेजारच्या एसटीडी बूथवरून काकींना हाक आली... अमेरिकेचा फोन. मीही मागोमाग धावलो.

काकींनी रिसीव्हर कानाला लावला. नुसतं "हां... हां..." चाललं होतं, डोळ्यांना पदर लागला होता. माझा जीव टांगणीला. शेवटी रिसीव्हरवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"दत्ता, तो म्हणतोय, पिवळी लई खुलली रेखाला!"

मी बूथमध्येच उडी मारली. त्या दिवशी काकींनी माझ्या खिशात मूठ भरून खडीसाखर कोंबली, आणि काका दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला पाल आणि एनटीएससी समजावून सांगत होते... सगळं उलटंसुलटं!

आता फोनवरून सेकंदात व्हिडिओ जातो, पद्धत कुणी विचारत नाही. ज्या सीडीत स्वतःची लेक पांढऱ्या साडीत दिसली, तीच काकींनी माझ्या शब्दावर भावाला पाठवली... एवढा विश्वास पुन्हा कुठल्या गिऱ्हाइकाने टाकला नाही. आजही एक्सपोर्टची पट्टी शंभरावर पोचली की माझी नजर आपोआप रस्त्यापलीकडे जाते... काकी हातानेच विचारतील, झालं का?