रविवार कुणाचा

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या विक्रोळीच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. घटस्फोट ठरल्यावर नवरा म्हणाला, "पोरगी माझ्याकडेच राहणार." मी दुसऱ्याच दिवशी वकील शोधायला बाहेर पडले. सात वर्षांची माझी मुलगी. ती गेली तर मी कशी राहीन, हा विचार मला शेवटपर्यंत करवतच नव्हता.

पहिल्या वकिलाने मला मुलगा आहे की मुलगी, हेही न विचारता सांगून टाकलं, "ताबा तुमचाच, टेन्शन नको." ताबा! जसा काही फ्लॅटच. दुसरा म्हणाला, नवरा मारतो अशी तक्रार ठोका. माझा नवरा झुरळालाही घाबरतो. तरी रागाच्या भरात मी दोन दिवस त्यावर विचार केला, हे कबूल करते.

तिसरा पत्ता दिला आईच्या नेहमीच्या कोळणीने. बोंबील साफ करता करता म्हणाली, "माझे पोरीची केस जिनं लढली ना, तिच्याकडं जा. गोड बोलत नाय, पन खोटा बोलत नाय."

घाटकोपरला एका पिठाच्या गिरणीवर या वकीलबाईंचं ऑफिस. मी नवऱ्याच्या गुन्ह्यांची जाडजूड फाइल त्यांच्यासमोर आपटली. त्यांनी ती उघडलीच नाही.

"मुलीला शाळेत कोण सोडतं?"

"मी."

"आजारी पडली की कोण जागतं?"

"मीच."

"सायकल कुणी शिकवली?"

"त्यानेच," मला कबूल करावं लागलं. "दर रविवारी आरे कॉलनीत नेऊन."

"मग रविवार त्याला आपणहून लिहून द्या," बाई म्हणाल्या. "पोरगी कायमची तुटेल म्हणून तो घाबरलाय. ती भीती गेली की भांडेल कशाला?"

"म्हणजे मीच नमतं घ्यायचं?"

"मुलगी हवी की भांडण, ते ठरवा. चहा घेणार?"

चहा घेतला, फणफणत घरी आले आणि आठवड्याने रविवार लिहून देणाऱ्या कागदावर निमूट सही केली.

कोर्टातल्या समुपदेशकांच्या खोलीत नवरा बाह्या सरसावूनच आला होता. कागद त्याने दोनदा वाचला. मग हळूच म्हणाला, "शनिवार संध्याकाळपासून चालेल?" मी तोंड उघडणार तोच बाईंनी टेबलाखाली माझा पाय दाबला. "चालेल," मी म्हणाले. मुलगी माझ्याकडे राहिली, आणि आईने बाजारात जाऊन आधी कोळणीला पेढे दिले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मुलगी घरात शिरली ती बोलतच. आरेच्या तबेल्यातलं नवं रेडकू, बाबाचा शेणात गेलेला पाय, मग त्याने एका पायावर मारलेल्या उड्या. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, एवढी मजा करता, मग आधी कधी सांगायची नाहीस ती? विचारलं की आपलं 'काय नाय'."

"तेव्हा तू चिडायचीस ना," ती म्हणाली.

मी तिला जवळ ओढलं.

"आता नाही चिडत. सांग, रेडकाचं नाव काय ठेवलंत?"