वच्छलाबाईंच्या भिंतीवरची काच

किस्से गोळा करायला आमच्या गल्लीत कोणाला कुठे जावं लागत नाही. दुपारी दोनला कोळसा खाणीचा भोंगा वाजतो, मग ब्लास्टिंग होतं, आणि तेवढा वेळ सगळी गल्ली घराबाहेर लिंबाखाली उभी. उभं राहून करणार काय? तोंडं चालतात. त्यात मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय, ती आजची नाही. भद्रावतीकडचं आमचं गाव. खाण शेतं गिळत गिळत आता मागच्या अंगणापर्यंत आली आहे.

*

भोंगा वाजला की फळीवरची भांडी आधी जमिनीवर, मग आपण बाहेर. हातांना सवयच लागली. मागे सिंदेवाहीला बहिणीकडे गेले होते. दोन वाजले आणि मी तिच्या फळीवरचे डबे, पितळी गुंड, सगळं खाली मांडून मोकळी!

तिची सासू दारातून बघत होती. बहिणीला म्हणाली, "काऊन वो, तू वेगळी निघून राह्यली का?"

*

समोरच्या नामदेवभाऊंची जमीन खाणीत गेली. बदल्यात मुलाला ठेकेदाराकडे काम मिळालं. काम कोणतं, तर भोंगा वाजवायचं.

नामदेवभाऊ लिंबाखाली रोज तेच सांगतात, "पोरगा सकाळी माह्या पाया पडते अन् दुपारी मलेच घराबाहेर काढते."

*

मधे कोळशाला उठाव नाही म्हणून खाण बंद पडली. ठेकेदाराने माणसं घरी बसवली. दोन वाजले, भोंगा नाही. तरी आम्ही सवयीने लिंबाखाली. नामदेवभाऊंचा मुलगाही आमच्यातच, मान खाली घालून. त्यांच्या घरातलं पीठ संपत आलं होतं ते सगळ्यांना माहीत, मला तर आधीच.

 शेवटी माझ्या शेजारच्या वच्छलाबाई त्याला म्हणाल्या, "वाजव ना बापा. तोंडानं तरी वाजव."



*

खाण पुन्हा सुरू झाली ती दुप्पट जोराने. वच्छलाबाई एकट्या राहतात, त्यांचं मातीचं घर खाणीला सगळ्यात जवळ. मागच्या भिंतीला भेग पडली. माझी दोन बोटं आत जायची, घालून बघितली आहेत.

ज्या घरांना धोका, त्यांनाच नवीन वसाहतीत जागा मिळणार होती. कंपनीचे सर्व्हेवाले साहेब आले. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. म्हणाले, "ही तुटली तर भिंत सरकतेय. महिन्याने बघायला येतो."

आठवडाभरात काच तुटली. सगळ्या गल्लीने बघितली.

साहेब येणार त्या सकाळी मी वच्छलाबाईंकडे डोकावले. घरी साहेब येणार म्हणून बाईंनी भेग बुजवून भिंत लख्ख सारवली होती! दारात रांगोळी.

"अवो, काच कुठी हाय?"

"फेकली. पावन्याच्या पायात जाईन ना."

*

साहेब आले. दोन वाजत आले होते. बूट दाराशी काढून खाटेवर बसले. ओल्या भिंतीकडे बघून म्हणाले, "घर तर छान आहे." आणि फॉर्मवर लिहिलं, घर सुरक्षित.

आम्ही दारात गर्दी केली. "काच तुटली होती, आम्ही पाह्यली!" नामदेवभाऊ तापले.

"दाखवा मग," साहेब म्हणाले.

वच्छलाबाई चहा ठेवायला गेल्या. कप साहेबांपुढे ठेवला आणि भोंगा वाजला.

साहेब आमच्याआधी लिंबाखाली पोचले. अनवाणी.

वच्छलाबाई आतच. खाटेवर, साहेबांच्या जागी बसलेल्या. मी ओरडले, "बाई, बाहेर या वो!" नामदेवभाऊ आत धावणार, त्यांना दोघांनी धरलं.

जमीन हलली. कौलं खडखडली. सारवलेल्या भिंतीचे ओले पोपडे धपाधप खाली आले आणि भेग वरपासून खालपर्यंत उघडली. पलीकडचा उजेड दिसला. मग धूळ. 

धुळीतून आवाज आला, "साहेब, चहा थंडा होऊन राह्यला."

साहेब जागचे हलले नाहीत. म्हणाले, "बाई, आधी माझा फॉर्म बाहेर आणून द्या."

"इथीच हाय, खाटेवर," वच्छलाबाई म्हणाल्या. "आत या अन् घेऊन जा."