बिनतर्रीचा रस्सा

जपानचं म्हणजे काय, तर रेडिओ आणि घड्याळं, एवढंच मला ठाऊक. आम्ही तेव्हा जळगावात मेहरूणला राहायचो. आमचे हे एस.टी.त नोकरीला. एका दुपारी अजिंठ्याच्या गाडीतून उतरलेल्या जपानी बाईला ते थेट घरीच घेऊन आले. लेण्यांतली चित्रं वहीत उतरवायला आलेली ती. कुठंतरी शेवभाजी खाल्ली, पोट बिघडलं, आणि दोन दिवस नुसत्या पाण्यावर. स्टँडवर भोवळ येऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कलकत्त्याची गाडी.

"काहीतरी पोटात घाल हिच्या, नाहीतर गाडीत एकटी कुठंतरी पडेल," एवढं सांगून हे परत ड्यूटीवर.

वरणभात वाढला, तर वासावरच तिनं हात जोडले. ताकाचा एक घोट घेतला, पुन्हा हात जोडले. मग तिनंच वही काढली. वाडगा, वर वाफ, आत लांबच लांब दोरे. "सूप," म्हणाली.

दोरे म्हणजे शेवयाच की! उन्हाळ्यात खाटेला मशीन लावून केलेल्या गव्हाच्या शेवयांचा डबा मी पुढं ठेवला. तिनं एक काडी चावून पाहिली, मान डोलावली. पण पाणी कशाचं? तिखट नाही, मसाला नाही, मग चव येणार कुठून? मला तर आता तेच बघायचं होतं.

ती उठली, हुंगत हुंगत फळीपाशी गेली, आणि हात ठेवला तो सुक्या मासळीच्या डब्यावर! एकेक बारीक मासा घेऊन डोकं चिमटीनं मोडायचं, पोटातलं काळं काढून टाकायचं. आम्ही तर अख्खाच तव्यावर भाजतो. मीही शेजारी बसून मोडायला लागले. पाण्यात टाकून मंद उकळलं, गाळलं. पिशवीतून तिनं बोटाएवढी बाटली काढली, काळ्या पाण्याची. थेंबभर माझ्या तळहातावर दिला. खारट, आणि मागं काहीतरी भाजल्यासारखं. अजूनही मला त्या चवीला शब्द नाही.

शेवया वेगळ्या उकळल्या, आणि तिनं त्या चाळणीत ओतून गार पाण्याखाली चोळायला घेतल्या.

माझ्या सासूबाई धुळ्याकडच्या, बोलणं सगळं अहिराणी. दारातून बघत होत्या. "व माय! शेवया काय कपडा शेतस का धोवाले?"

"आत्याबाई, तिच्याकडची रीत असेल."

वाडग्यात शेवया, वरून ते गाळलेलं पाणी, चिमूटभर कांद्याची पात. तळ दिसत होता. सासूबाईंना तो तळच खुपला. आमच्याकडं पाहुण्याच्या रश्श्यावर बोटभर लाल तर्री नसली, तर वाढणारीची मान खाली. सकाळच्या भाजीवरची तर्री पळीत घेऊन त्या आल्याच.

"बिना तर्रीना रस्सा पाव्हनीले देशी? गावमां तोंड कसं दाखाडसू?"

पळी वाडग्यावर तिरकी व्हायला लागली, आणि मी त्यांचं मनगट धरलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यांचा हात मी कधी धरला नव्हता. "ओतू नका. तिखटानंच पडली ती. उद्या गाडीत कोण बघणार तिच्याकडं?"

तर्रीचे थेंब फरशीवर पडत होते.

तेवढ्यात तिनं वाडगा तोंडाला लावला. दोन काड्या होत्या तिच्याकडं, त्यांनी शेवया वर ओढायची आणि सुर्र, सुर्र, असा आवाज! आमच्या पोरी तसं जेवल्या असत्या तर धपाटा खाल्ला असता. सासूबाई खाली बसल्या आणि वाकून तिच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"खास व माय, खास ती," त्या हळूच म्हणाल्या. खाते गं बाई, खाते ती.

वाडगा रिकामा झाला. तिनं तो दोन्ही हातांनी पुढं धरला. सासूबाईंनी पळी भाजीत परत ठेवली आणि मला म्हणाल्या, "बसनी काय? शेवया धोय ना."

मी आधण ठेवलं.