दहाची चाळणी

ऑफिसात त्याला सगळे दरवान म्हणत. रुग्णवाहिका मागवण्याचं संकेतस्थळ तो सांभाळायचा, आणि साहेबांनी काटकसरीच्या झटक्यात फोनची लाइन बंद केल्यापासून गाडी मागवायला तेवढं एकच दार उरलं होतं. कुणी मुद्दाम लाखो खोट्या मागण्या एकदम सोडल्या की दारात इतकी रेटारेटी होते की खरा माणूस बाहेरच राहतो, हे त्याने साहेबांना तीनदा लेखी कळवलं होतं. खोटी गर्दी बाहेरच्या बाहेर गाळणारी सेवा घ्या, असंही सुचवलं होतं. आजवर काही झालंय का, एवढंच साहेबांनी विचारलं. काही होत नव्हतं ते याच्या जागरूकतेमुळे, पण न घडलेल्या गोष्टीचं श्रेय कोण देणार!

एका दुपारी भिंतीवरच्या पडद्यावर मागण्यांचा आकडा भराभर चढू लागला. साहेब खूश. लोकांचा केवढा विश्वास म्हणे! एवढ्याशा शहरात एका मिनिटात नव्वद हजार माणसं आजारी पडत नाहीत, हे त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली. बाहेरची सेवा नव्हतीच. शेवटी दरवानाने हाताशी होती ती चाळणी लावली: मिनिटात दहापेक्षा जास्त वेळा मागणी करील तो हल्लेखोर, त्याला तासभर प्रवेश बंद. पाव तासात पडदा शांत झाला. ऑफिसातल्या लोकांनी त्याची पाठ थोपटली, आणि खरं सांगायचं तर तो सुखावलाही.

संध्याकाळी घरून फोन आला. ताईचे यजमान गेले. गाडी मिळालीच नाही, शेजाऱ्याच्या टेम्पोतून नेईपर्यंत उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने नोंदी उघडल्या. ताईच्या घरचं इंटरनेटचं कनेक्शन त्यानेच जोडून दिलेलं, त्यामुळे तो क्रमांक त्याला पाठ होता. पाचव्या पानावर तो सापडला. एका मिनिटात सतरा मागण्या. पुढे शेरा: हल्लेखोर, प्रवेश बंद. गर्दीत दार उघडत नसलं की घाबरलेला माणूस बटण दाबतच सुटतो, हे नियम लिहिताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली. साहेबांनी मात्र हल्ला परतवल्याबद्दल त्याच्या नावे प्रशस्तिपत्र काढलं होतं.

ते खिशात घालूनच तो ताईकडे गेला.

"मी दाबतच राहिले रे," ती म्हणाली. "तिथे कुणी नव्हतंच का?"

"होतो, ताई. दारावर मीच होतो."